चढणीचे मासे

जून महिना उजाडला की कोकणातील माणसे पुन्हा पुन्हा आकाशाकडे पाहू लागतात. शेतकऱ्याला पेरणीची घाई असते. घरातील बायकांना सुकवलेली लाकडे आत घ्यायची असतात. ओढ्याकाठच्या गावांतील लोक मात्र आणखी एका गोष्टीची वाट पाहत असतात. पहिला जोराचा पाऊस पडतो, ओढ्याला गढूळ पाणी येते आणि नदीतील मासे प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढू लागतात. या माशांना 'चढणीचे मासे' म्हणतात. रायगड आणि ठाणे जिल्ह्यांच्या काही भागांत या घटनेला 'वलगण' असे नाव आहे. मुलांनो, 'चढणे' हा शब्द तुम्हाला परका नाही. उर्दूतही आपण 'चढना' असेच म्हणतो.

तुमच्यापैकी कित्येकजण अब्बांबरोबर, मामांबरोबर किंवा दादांबरोबर या दिवसांत ओढ्यावर गेले असतील. ज्यांनी हे पाहिले नाही, त्यांनाही हा पाठ वाचून ते समजेल. मासे वर का चढतात? ते कसे पकडतात? आणि पकडताना कोणता विचार करायला हवा? या तीन प्रश्नांची उत्तरे आपण शोधू या.

आधी उन्हाळ्याकडे पाहू. कोकणात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांतच पडून जातो. डोंगर उताराचे आहेत. पाणी धावत समुद्राला मिळते. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत लहान ओढे कोरडे पडतात. सावित्री, वाशिष्ठी, कुंडलिका यांसारख्या नद्यांच्या वरच्या भागातही मधूनमधून फक्त खोल खड्ड्यांत पाणी उरते. अशा खोल जागेला 'डोह' म्हणतात. कोकणात त्याला 'कोंड' असेही म्हणतात. उन्हाळाभर मासे या डोहांत दाटीवाटीने राहतात. पाणी तापते, त्यातील प्राणवायू कमी होतो, खाणेही पुरत नाही. मासे कसेबसे दिवस काढतात. याच काळात माद्यांच्या पोटात अंडी तयार होत असतात.

मग मृग नक्षत्र लागते. ते दर वर्षी ७ किंवा ८ जूनच्या सुमारास सुरू होते. साधारणपणे याच पंधरवड्यात पावसाळी वारे कोकणात पोहोचतात. एका रात्रीत ओढ्याचे रूप बदलते. पाण्याची पातळी वाढते. पाणी थंड होते. दगडांवरून खळाळत जाताना त्यात हवा मिसळते आणि प्राणवायू वाढतो. डोंगरावरची माती आणि पालापाचोळा पाण्याबरोबर वाहत येतो. माशाच्या शरीराला हे बदल जाणवतात. अंडी घालण्याची वेळ आली, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही.

पण मासा खाली न जाता वर का जातो? खाली नदीला पूर आलेला असतो. तेथे पाणी जोराचे असते आणि मोठे मासे लहानांना खायला टपलेले असतात. वरच्या बाजूला भातखाचरे असतात. पावसाने ती नुकतीच भरलेली असतात. तेथे पाणी उथळ आणि संथ असते. गवत असते, किडे असतात, गांडुळे असतात. लहान पिल्लांना वाढण्यासाठी यापेक्षा चांगली जागा कोठे मिळणार? म्हणून मासे नदीतून ओढ्यात, ओढ्यातून पऱ्ह्यात आणि पऱ्ह्यातून खाचरात शिरतात. पऱ्ह्या म्हणजे डोंगरातून येणारा लहान ओहोळ. पिल्ले काही आठवडे तेथे वाढतात आणि पाणी ओसरू लागले की प्रवाहाबरोबर पुन्हा नदीत येतात.

प्रवाह कोणत्या दिशेने येत आहे, हे गढूळ पाण्यात माशाला कसे कळते? मासा हातात घेऊन नीट पाहा. त्याच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ दिसेल. तिला 'पार्श्वरेखा' म्हणतात. ती पाण्याची हालचाल ओळखते. म्हणून अंधारातही मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो.

आता अंड्यांचा हिशेब पाहू. तळ्यात पाळला जाणारा रोहू तुम्हाला माहीत आहे. एक किलो वजनाच्या रोहू मादीच्या पोटात साधारण दोन ते तीन लाख अंडी असतात. अंडी पाण्यात पडली की सुमारे पंधरा ते वीस तासांत पिल्ले बाहेर येतात. तरी नद्या माशांनी भरून का जात नाहीत? कारण बहुतेक अंडी आणि पिल्ले वाहून जातात किंवा बेडूक, पक्षी, किडे आणि दुसरे मासे यांच्या तोंडी जातात. समजा, दोन लाख अंड्यांपैकी हजारामागे एकच पिल्लू मोठे झाले, तरी एका मादीपासून २०० मासे मिळतील. ही २०० ची संख्या लक्षात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

सगळेच मासे अंडी सोडून निघून जात नाहीत. मरळ हा मासा मोठा जबाबदार आहे. तो तोंडाने हवा घेऊ शकतो. त्यामुळे ओल्या गवतातून सरपटत तो एका खाचरातून दुसऱ्या खाचरात जातो. पाणवनस्पतींमध्ये जागा करून मरळ अंडी घालते. नंतर आईबाप अंड्यांवर आणि पिल्लांवर पहारा देतात. लालसर रंगाची शेकडो पिल्ले पाण्याच्या वरच्या थरात एकत्र पोहताना दिसतात आणि त्यांच्याखाली मोठा मासा असतो. कोणी जवळ आले तर तो अंगावर धावून जातो. अशा वेळी राखणाऱ्या माशाला मारले, तर सगळी पिल्ले पोरकी होतात आणि थोड्याच वेळात इतर माशांचे खाद्य बनतात.

आता मासे पकडण्याच्या साधनांकडे वळू. गळ, पाग आणि बांबूचा सापळा ही तीन जुनी साधने आहेत. पाग म्हणजे हाताने फेकायचे गोल जाळे. त्याच्या कडेला शिशाचे मणी असतात. पाग फेकणाऱ्याच्या हातून ते छत्रीसारखे उघडून पाण्यावर पडते. हे काम वर्षानुवर्षांच्या सरावाने येते. बांबूच्या काड्यांचा सापळा एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळता असतो. मासा सहज आत जातो, पण त्याला बाहेर येता येत नाही.

मुलांनी वडीलधाऱ्यांबरोबर शिकायला गळ सर्वांत चांगला. उर्दूत आपण ज्याला 'कांटा' म्हणतो, तोच मराठीतील 'गळ'. कोकणात गळाने मासे पकडण्याला 'गरवणे' म्हणतात. यासाठी फार खर्च लागत नाही. आठ-दहा फूट लांबीची, टोकाला लवचीक अशी बांबूची काठी घ्यावी. तिला नायलॉनचा दोरा बांधावा. दोऱ्याच्या टोकाला गळ, त्याच्या थोडे वर शिशाचा लहान तुकडा आणि त्याच्याही वर एक तरंगणारी खूण असते. ही खूण मोरपिसाच्या देठाची किंवा हलक्या लाकडाची करतात. शिसे गळाला खाली नेते. खूण वर तरंगत राहते आणि पाण्याखाली काय चालले आहे ते आपल्याला सांगते. आमिष म्हणून गांडूळ उत्तम. गांडुळे करवंटीत ओल्या मातीबरोबर ठेवली तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत जिवंत राहतात.

काठी लवचीक का हवी? मासा हिसका देतो तेव्हा ताठ काठीला बांधलेला दोरा तुटतो. लवचीक काठी वाकते आणि हिसक्याचा जोर स्वतःवर घेते. मासा थकला की काठी पुन्हा सरळ होऊ लागते.

गळ कोठे टाकावा, हे शिकायला मात्र सोबत जाणकार माणूस लागतो. माझे अब्बा मला सावित्रीला मिळणाऱ्या एका पऱ्ह्यावर घेऊन जात. पोहोचताच ते गळ टाकत नसत. आधी काठावर बसून पाणी पाहायला सांगत. "पाणी कुठे धावतं आणि कुठे थांबतं, ते बघ," असे ते म्हणत. धावत्या पाण्यात सतत पोहायला माशाला श्रम पडतात. म्हणून वर चढताना तो मोठ्या दगडामागे, झाडाच्या मुळांपाशी किंवा काठाच्या वळणावर विसावा घेतो. तेथे पाणी संथ असते. धावते पाणी आणि संथ पाणी जेथे एकमेकांना भेटतात, तेथे गळ टाकावा. वाहत आलेले खाद्यही तेथेच रेंगाळते.

खुणेची हालचाल ओळखणे ही दुसरी कला आहे. खूण नुसती थरथरली तर लहान मासे आमिष टोचत आहेत असे समजावे. खूण तिरकी होऊन झटकन पाण्यात गेली तर काठी उचलावी. खूण सावकाश, जड ओढीने खाली गेली तर ती वाम असण्याचा संभव असतो. वाम दिसायला सापासारखी लांब असते. ती दगडाखाली शिरून बसली की दोरा गमवावा लागतो. शिंगटी गळाला लागली तर हात सांभाळावा. तिच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना टोकदार काटे असतात. ते टोचले तर हात ठणकतो.

तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातील एक धडाही ओढ्यावर उपयोगी पडतो. ग्लासातील पाण्यात पेन्सिल ठेवली की ती वाकलेली दिसते. प्रकाशाच्या अपवर्तनामुळे असे होते. याच कारणाने पाण्यातील मासा असतो त्यापेक्षा थोडा वर दिसतो. मासा दिसला म्हणून नेमका तेथेच हात घातला तर तो हाती लागत नाही. शिवाय काठावर धप धप पावले टाकली तर त्याचे हादरे माशाला जाणवतात. आपली सावली पाण्यावर पडली तरी तो पळतो. म्हणून गरवणारी माणसे कमी बोलतात आणि कमी हालतात. शांत बसण्याचा असा सराव वर्गातही उपयोगी पडतो!

पहिल्या पावसातील ओढा जितका सुंदर, तितकाच फसवा असतो. मुलांनी एकट्याने तेथे कधीही जाऊ नये. आपल्या गावात ऊन असले तरी वर डोंगरात पाऊस पडत असू शकतो. पाणी एकाएकी अधिक गढूळ झाले, त्यात काटक्या आणि पाने वाहत आली, किंवा पाण्याचा आवाज वाढला, तर सगळे साहित्य सोडून लगेच उंच जागी जावे. आकाशात विजा चमकू लागल्या तर लांब काठी हातात धरून मोकळ्या जागी उभे राहू नये. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नये. उंदरांच्या लघवीमुळे अशा पाण्यात लेप्टोस्पायरोसिस नावाच्या रोगाचे जंतू असू शकतात. पाण्यातून आल्यावर काही दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना ते सांगावे.

आता सर्वांत अवघड प्रश्नाकडे येऊ. चढणीच्या माशांच्या पोटात अंडी असतात. माशाच्या अंड्यांना 'गाबोळी' म्हणतात. गाबोळी चविष्ट असते, म्हणून लोकांना हेच मासे अधिक आवडतात. शिवाय अंड्यांनी जड झालेला मासा मंद असतो आणि पकडायला सोपा जातो. पण त्या एका मादीबरोबर तिची सारी पिल्लेही जातात. मघाची संख्या आठवा. आपण एक मासा खातो आणि पुढचे २०० मासे गमावतो.

याला दुसरी बाजूही आहे. जूनमध्ये शेतकऱ्याच्या हाती पैसा नसतो. असलेला पैसा बी-बियाणे आणि खतात गेलेला असतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर दर वर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारी करण्यास बंदी असते. या काळात अनेक समुद्री मासे अंडी घालतात, म्हणून ही बंदी आहे. साहजिकच बाजारात ताजी मासळी कमी येते आणि महाग होते. अशा वेळी दाराजवळच्या ओढ्यात फुकट मिळणारा मासा गरीब घरासाठी मोठा आधार असतो. त्या घराला "मासे पकडू नका" असे सांगणे सोपे आहे, पण योग्य नाही. खरा प्रश्न किती पकडावे आणि कसे पकडावे, हा आहे.

माझ्या अब्बांची याबाबत एक रीत होती. एका वेळच्या कालवणापुरते मासे मिळाले की ते काठी गुंडाळत. हाती आलेल्या माशाचे पोट फुगलेले आणि मऊ लागले, तर तो मासा ते दगडी उताराच्या वरच्या बाजूला नेऊन सोडत. शेजारी हसत. "अरे, तोंडचा घास सोडतोस?" असे म्हणत. अब्बा शांतपणे सांगत, "पुढच्या वर्षीही याच पऱ्ह्यावर यायचं आहे."

पूर्वीसुद्धा लोक वलगणीला भरपूर मासे पकडत. मग आताच काळजी का करायची? कारण काही गोष्टी बदलल्या आहेत. नायलॉनची अतिशय बारीक जाळी आली. काही ठिकाणी तर मच्छरदाणीच ओढ्याला आडवी लावतात. तिच्यातून बोटभर पिल्लूही सुटत नाही. कोठे पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकतात, तर कोठे स्फोटके वापरतात. त्याने मोठे मासे, पिल्ले, खेकडे, बेडूक सारेच मरतात. पाण्यात विष टाकून किंवा स्फोट करून मासे मारणे हा गुन्हा आहे, असा कायदा आपल्या देशात १८९७ मध्येच झाला होता.

ओढ्यांवर आणि नद्यांवर बंधारेही झाले. बंधाऱ्यामुळे शेतीला आणि पिण्याला पाणी मिळते, ते आवश्यकच आहे. पण माशाच्या दृष्टीने ती वाटेतली भिंत असते. याचे मोठे उदाहरण गंगा नदीवर घडले. हिलसा हा मासा समुद्रातून गंगेत शिरतो आणि अंडी घालण्यासाठी वर जातो. पूर्वी तो पार अलाहाबादपर्यंत, म्हणजे आजच्या प्रयागराजपर्यंत पोहोचत असे. १९७५ मध्ये पश्चिम बंगालमध्ये फरक्का येथील मोठा बंधारा सुरू झाला. त्यानंतर वरच्या भागातील कोळ्यांच्या जाळ्यात हिलसा क्वचितच येऊ लागला. त्यांच्या रोजगारावर त्याचा परिणाम झाला.

माणूस मन लावतो तेव्हा माशांना वाचवतोही. रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात वाळण कोंड नावाचा डोह आहे. पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात तिळसे येथे वैतरणा नदीत असाच डोह आहे. या ठिकाणी गावकरी श्रद्धेने माशांना राखतात. तेथे कोणी गळ टाकत नाही की जाळे लावत नाही. त्यामुळे महाशीर जातीचे मोठमोठे मासे तेथे निर्भयपणे फिरताना दिसतात.

विज्ञानानेही मदत केली आहे. रोहू, कटला, मृगळ हे मासे नदीच्या पुरात अंडी घालतात. तळ्याच्या साचलेल्या पाण्यात ते वाढतात, पण अंडी घालत नाहीत. त्यामुळे पूर्वी मत्स्यपालन करणाऱ्यांना नदीतून पिल्ले गोळा करून आणावी लागत. डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही या शास्त्रज्ञांनी यावर उपाय शोधला. माशाच्या मेंदूजवळ पियूषिका नावाची लहान ग्रंथी असते. तिचा अर्क त्यांनी माशांना टोचला. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे या प्रयोगाला यश आले. माशांनी पुराशिवाय अंडी घातली. त्याची आठवण म्हणून आपल्या देशात १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. आज तळ्यांतील मासे याच मार्गाने वाढवले जातात. पण आपल्या पऱ्ह्यातील लहान जंगली माशांसाठी कोणी अशी केंद्रे चालवत नाही. त्यांना पहिला पाऊस आणि मोकळी वाट हीच हवी.

मग तुम्ही काय करू शकता? या वर्षी वडीलधाऱ्यांबरोबर ओढ्यावर गेलात तर काही साध्या गोष्टी पाळा. ओढ्याच्या पूर्ण रुंदीला जाळे किंवा सापळा लावू नका. एका बाजूने वाट मोकळी ठेवा. गरजेपुरतेच मासे घ्या. बोटभर पिल्ले आणि अंड्यांनी भरलेल्या माद्या सोडून द्या. सोडायचा मासा ओल्या हाताने धरा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि त्याला रोग होतो. गळ हळूच काढा, मासा पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून धरा आणि तो स्वतःहून निघाला की सोडा.

आणखी एक काम करा. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा, "तुमच्या लहानपणी पहिल्या पावसात कोणकोणते मासे चढत?" त्यांनी सांगितलेली नावे वहीत लिहून ठेवा. त्यांतील काही नावे तुम्ही प्रथमच ऐकाल. मग या वर्षी ओढ्याला पहिले पाणी कोणत्या तारखेला आले आणि कोणते मासे दिसले, तेही लिहा. दर वर्षी अशी नोंद केली तर तुमची वही म्हणजे तुमच्या ओढ्याचा इतिहास होईल. एखादे नाव वहीत एका वर्षी लिहिले आणि पुढची दोन-तीन वर्षे पुन्हा आले नाही, तर गावातील मोठ्या माणसांना ती वही दाखवा.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) चढणीचे मासे कोणाला म्हणतात?
(आ) पार्श्वरेखेचा माशाला काय उपयोग होतो?
(इ) अंगुल येथील प्रयोग कोणत्या दिवशी यशस्वी झाला?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) पहिल्या पावसानंतर ओढ्याच्या पाण्यात कोणते बदल होतात?
(आ) मासे भातखाचरांकडे का जातात?
(इ) गळाची काठी लवचीक का असावी?

३. कारणे सांगा.
(अ) गरवताना शांत बसावे लागते.
(आ) सोडायचा मासा ओल्या हाताने धरावा.

४. 'गळाला लागणे' या वाक्प्रचाराचा दुसरा अर्थ 'मोहात अडकणे' असा आहे. दोन्ही अर्थांनी एकेक वाक्य तयार करा.

५. "चढणीचे मासे मुळीच पकडू नयेत" आणि "गरजेपुरते पकडावेत" या दोन मतांवर वर्गात चर्चा करा. तुमचे मत आठ-दहा ओळींत लिहा.